मिलिंद, मला कान दिसले होते

मिलिंद, मी एकदा तुझ्यावर रायफल रोखली होती. गोळी आत होती, बोट ट्रिगरवर होतं. हे मी बायकोला, मंजिरीला, सांगितलेलं नाही, आईला नाही, आणि तुला तर नाहीच नाही. तू गेल्यावर सांगतोय, यातच माझी लायकी काय ते आलं.

परदेशातल्या आपल्या या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहून द्या, असा निरोप आला. ‘त्यांचा स्वभाव, मंडळासाठी केलेलं काम, असं काहीतरी.’ मी हो म्हणालो. आंबेडकर जयंतीचा हॉल तू बुक करायचास. गणपतीत स्टेजच्या फळ्या गुडघ्यावर बसून ठोकून बघायचास, ‘देव पडला तर लोक इंजिनियरचं नाव घेतील बे’ म्हणायचास. ते सगळं दुसरं कुणीतरी लिहील, माझ्यापेक्षा बरं लिहील. जे फक्त मलाच माहीत आहे ते मी लिहितो.

ती मार्चच्या सुरुवातीची सकाळ होती. एप्रिलच्या आसपास नर हरणं माद्यांसाठी डोंगर दणाणून सोडतात. त्याला इथे रोअर म्हणतात, आणि सगळा देश सुट्ट्या टाकून त्या आवाजामागे धावतो. तुला त्या गर्दीची चीड होती. ‘रोअरमध्ये कोणीही हरीण शोधेल. ते स्वतःच ओरडून पत्ता सांगून राहिलं. आत्ता गप्प आहे, आत्ता शोधून दाखव.’ आपण दोघं शिकारीच्या एकाच क्लबात, एकाच वर्गात शिकलो होतो. पण मी परीक्षेपुरतं शिकलो आणि तू मनावर घेतलंस. हंगामाच्या महिनाभर आधी जायचं, जागा वाचायची, कमीत कमी वावरायचं, आणि आपला वास मागे न ठेवता परत यायचं. हरणाला आपण येऊन गेलो हे कळलं, तर आपण गेलोच नाही असं समजायचं, म्हणायचास.

त्या सकाळी तू दरीत उतरणार होतास. खाली चिखलाचं डबकं होतं. नर त्यात लोळून जातात, अंगाला तो वास माखून घेतात. ते ताजं आहे का ते तुला बघायचं होतं. मी वरच्या धारेवर बसून समोरची बाजू दुर्बिणीतून न्याहाळायची, असं ठरलं होतं. फाटकापाशी तू विचारलंस, ‘सगळं घेतलं ना बे?’ मी इथल्या लोकांसारखं ‘सगळं ठीक’ म्हणालो, ‘स्वीट अ‍ॅज.’ धारेवर पोचून बॅग उघडली तेव्हा कळलं की दुर्बीण गाडीच्या सीटवर राहिली आहे.

एवढंच झालं होतं, मिलिंद. खाली येऊन तुला सांगितलं असतं तर तू आठवडाभर चिडवलं असतंस. त्या चिडवण्याला घाबरून मी रायफलीच्या स्कोपमधून बघायला सुरुवात केली. पहिल्याच तासाला शिकवलेली गोष्ट: स्कोप ही दुर्बीण नव्हे, ज्याच्यावर गोळी झाडायची नाही त्याच्याकडे त्यातून बघायचं नाही. रायफल मी मटणापुरतं एखादं मिळालं तर म्हणून आणली होती. थोड्या वेळापूर्वी एक मादी जंगलाच्या कडेला दिसून नाहीशी झाली होती, तेव्हा मी गोळी आत सरकवली होती. ती काढायची राहिली.

दरीपलीकडच्या काटेरी झुडपांत काहीतरी तपकिरी हललं. पाठ दिसली. मान खाली घालून चरणारी पाठ. मग कान दिसले.

हे नीट ऐक. मला कान दिसले होते. दोन्ही. उजवा माशी हाकलताना हलावा तसा हललासुद्धा. त्या जागी खरं काय होतं ते मी नंतर वर्षानुवर्षं शोधत आलोय. पानं असतील, तुझ्या बॅगेचा पट्टा असेल. पण त्या क्षणी मला पानं दिसली नाहीत. सकाळपासून मी खुरांचे ठसे पाहत होतो, चकचकीत ताज्या लेंड्या पाहत होतो, शिंगं घासून साल सोललेली झाडं पाहत होतो. मला हरीण हवं होतं आणि डोळ्यांनी ते करून दिलं. बोटाने ट्रिगर थोडा मागे घेतला. आणखी किती राहिला होता ते मला सांगता येणार नाही.

तेवढ्यात हरणाने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसला.

मी बोल्ट मागे ओढला. गोळी गवतात पडली. तू वर आलास तेव्हा माणूस लांबून ओळखू यावा म्हणून घालायचं तुझं केशरी जाकीट बॅगेला बांधलेलं होतं, उकडत होतं म्हणून. त्यासाठी मी तुला शिव्या घालू शकलो असतो. त्या शिव्यांतून सगळं बाहेर आलं असतं. तुझा चेहरा मात्र उजळला होता. ‘अबे, डबकं एकदम ताजं आहे! नराचा वास येऊन राहिला! तुला काय दिसलं?’

‘काही नाही.’

‘झोपला होतास का?’

‘हो.’

तू हसलास. घरी जाऊन तुझ्या बायकोला, वैशालीला सांगितलंस, कुलकर्ण्या डोंगरावर झोपायला येतो. पुढे महिनाभर तो विनोद चालला. मीही हसत होतो.

त्यानंतर मी तुझ्याबरोबर गेलो नाही. आधी गुडघ्याचं कारण दिलं, मग कामाचं. रायफल विकून टाकली, तेही तुला दुसऱ्या कुणाकडून कळलं. पण तू सोडणारा नव्हतास. त्या रोअरला तुला एकट्यालाच हरीण मिळालं, आणि नेहमीप्रमाणे पहिला वाटा घेऊन तू आमच्या दारात उभा राहिलास. हातात पिशवी, पायात रबरी जँडल्स, अंगाला अजून धुराचा वास. वैशालीने सावजी मसाल्याची पुडीही दिली होती. तेव्हा आई पुण्याहून राहायला आली होती. मला त्या पिशवीकडे बघवेना. दिसत होती ती तपकिरी पाठच.

‘नको रे मिलिंद,’ मी म्हणालो, ‘आई आलीये. घरात नको.’

‘मग गॅरेजच्या फ्रीजरमध्ये टाक.’

‘नको. तिथेही नको.’

तू पिशवीकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. ‘परवा काकूंनी आमच्याकडे चहा घेतला नाही. ते यासाठीच का बे?’

आई दुपारनंतर चहा घेत नाही. तिला पित्ताचा त्रास आहे, आमच्या घरीही घेत नाही. एवढं एक वाक्य माझ्याकडे होतं. मी ते बोललो नाही. मी खाली पाहिलं. तू ते खाली बघणं वाचलंस, जसं वाचायचं तसंच वाचलंस, आणि ‘बरं’ म्हणून गेलास.

मंजिरीने नंतर बरेचदा विचारलं, ‘मिलिंद हल्ली मटण का नाही आणत?’ तिला ते सावजी फार आवडायचं. आईनेसुद्धा त्या दिवशी विचारलं होतं, तो नागपूरचा मुलगा दारातूनच का गेला? मी म्हणालो, त्याला घाई होती.

आता उघड सांगायचं तर असं. तू मला बेजबाबदार, धोकादायक माणूस समजावंस, हे मला सहन होणार नव्हतं. तू मला जात पाळणारा समजावंस, हे मी सहन केलं. दोन्हींपैकी मी ते निवडलं. आणि ती सबब इतकी सहज खपली, कारण तू आयुष्यात ते पुरेसं पाहिलेलं होतंस. तुझ्या जुन्या जखमेआड मी लपून बसलो. मी जात पाळत नाही असं म्हणायचा हक्क आता मला कुठून असणार? मी ती वापरली.

मंडळात आपण भेटत राहिलो. नुसतं हॅलो, इथला नमस्कार ‘किआ ओरा’, काय म्हणतोस. आपला जुना वाद मात्र पुन्हा कधी झाला नाही, आणि मला त्याची फार आठवण यायची. मी म्हणायचो, पंचशील घेतोस आणि हरणं मारतोस? तू म्हणायचास, तू गीता म्हणतोस आणि पार्किंगवरून भांडतोस. मग गंभीर होऊन सांगायचास की ही हरणं इथली नव्हेतच. बोटीतून आणून सोडलेली, कोवळं जंगल खाऊन संपवतात. ‘आपल्यासारखीच आहेत ना बे, बाहेरून आलेली. फक्त त्यांना व्हिसा रिन्यू करावा लागत नाही.’ पण एकदा, हरीण सोलताना, तू हात थांबवून म्हणाला होतास, ‘माझ्याकडे याचं उत्तर नाही, कुलकर्ण्या. मी फक्त एका गोळीत संपेल एवढं बघतो.’

आणि मग या फेब्रुवारीत तुझा फोन आला.

‘यंदा मित्राला घेऊन जाणार आहे. तिला रायफलीचं लायसन्स मिळालं. तिच्यासाठी जागा बघायची आहे. माझ्या एकट्याच्या डोळ्यांवर भरवसा नाही. येतोस का? रायफल नाही, दोघंही रिकाम्या हातानं.’

मित्रा म्हणजे तुझी संघमित्रा. पूर्वी हरणाचे फोटो दाखवलेस की ‘डॅड, दॅट्स ग्रॉस’ म्हणणारी, आता युनिव्हर्सिटीतली. मी लगेच हो म्हणालो, आणि फोन ठेवताना ठरवलं की आता सांगायचंच. ती पोर रायफल घेऊन त्या झुडपांत जाणार. तिच्या बापाला माहीत असायला हवं की शहाणासुरता, चष्मा नसलेला, न प्यायलेला माणूससुद्धा माणसाच्या जागी हरीण बघू शकतो.

घरून, हॉर्नबीहून, अंधारातच निघालो. वाटेतल्या डेअरीतून, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानातून, पॅटिससारखे गरम मीट-पाय घेतले, तू तोंड भाजून घेतलंस. जागेचं नाव लिहीत नाही. शिकारी लोक ते लिहीत नाहीत, आणि तुझी जागा मी तर नाहीच सांगणार. नदीला पाणी होतं. एकमेकांच्या बॅगेच्या पट्ट्यांत हात अडकवून, खांद्याला खांदा लावून आपण ती ओलांडली. तुझा हात माझ्या पाठीवर घट्ट होता. पलीकडच्या काठावर सांगू, मी मनाशी म्हटलं. पलीकडच्या काठावर तू बूट उलटे करून पाणी ओतत बसलास आणि खाणाखुणा करायला लागलास, की आता बोलायचं नाही.

खिशातून तू मित्राच्या लहानपणीची पावडरची बाटली काढलीस आणि हवेत दाबलीस. पांढरा पुंजका खाली दरीकडे सरकला. सकाळी वारा डोंगरावरून खाली येतो, ऊन तापलं की वर चढतो; म्हणून ऊन यायच्या आत वर पोचून बसायचं. तू कानाशी येऊन कुजबुजत सांगत होतास, जणू मी पहिल्यांदाच आलो होतो. नर आत्ता वर उघड्यावर, गवतात, घोळक्याने असतात. शिंगांवरची मखमल नुकतीच गळलेली असते. पण त्यांच्यावर भाळायचं नाही, महिन्याभरात ते तिथे नसतील. माद्या कुठे आहेत ते बघून ठेवायचं. दरड कोसळून जिथे नवं गवत उगवलंय, जंगलाची कड जिथे सावलीत आहे, पाणी जवळ आहे, तिथे त्या असतात. नर मागून तिथेच येणार. ‘आपल्या हॉस्टेलसारखंच ना,’ तू म्हणालास, आणि मला हसू आवरायला तोंडावर हात ठेवावा लागला.

त्याच धारेवर बसलो. मी ती जागा निवडली नव्हती, तू निवडलीस. समोर तीच झुडपं. तू डोंगर मनातल्या मनात पट्ट्यांत वाटून घेतलास आणि एकेक पट्टा दुर्बिणीतून सावकाश वाचायला लागलास. मी माझ्या दुर्बिणीतून तेच एक झुडूप बघत होतो. मिलिंद, ऐक ना, एवढंच म्हणायचं होतं. एकदा मी ‘मि’ एवढं म्हणालोसुद्धा.

तू दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाहीस. ‘मला माहितेय तू माझ्यासोबत येणं काहून सोडलंस.’

वाटलं, याने पाहिलं होतं. इतकी वर्षं याला माहीत होतं.

‘तुझ्या घरी माझ्या हातचं नको होतं,’ तू म्हणालास. ‘काकू होत्या. मी समजू शकतो. म्हणजे नाही, समजू शकत नाही बे. लई लागलं ते. वैशालीला तर फारच. तिनं ते मित्रालाही सांगितलं, मी नको म्हणत होतो. पण आता मला राग धरून बसायचा कंटाळा आला. पन्नाशी आली आपली. तू फक्त एकदा म्हण की हो, तसं होतं. मग मी विसरलो.’

तू वाट बघत होतास. मी माझ्याच पायाकडे बघत होतो, पुन्हा.

‘सॉरी, मिलिंद,’ मी म्हणालो.

तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. मग तो हात तसाच ठेवून दुसऱ्या हाताने समोर दाखवलंस, ‘ते बघ, दरडीच्या डाव्या अंगाला. माद्या. पिल्लांसकट.’ खरंच होत्या. त्यांच्या कानांवर ऊन पडलं होतं. ‘मित्राला इथे बसवू. पाठीशी डोंगर आहे, तिला समोरचं सगळं स्वच्छ दिसेल. तू येशील ना रोअरला? नुसता बसायला ये.’

‘येईन.’

परतताना तू इतका मोकळा झाला होतास, की गाडीत मोठ्याने गात होतास. न केलेल्या गुन्ह्याची माफी मी तुझ्याकडून घेतली आणि केलेला गुन्हा खिशात ठेवून परत आलो. पुढच्या आठवड्यात सांगू, असं म्हणत होतो. तुला निदान एक आठवडा आनंदात जाऊ दे, असंही म्हणत होतो. त्यानंतर थोड्याच दिवसांनी तू सकाळी लाल झाकणाचा कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायला गेलास, कडेला बसलास, आणि उठला नाहीस.

तू गेल्यावरच्या बुद्धवंदनेला मी आलो होतो. मागे उभा होतो. संपल्यावर वैशाली आली. पूर्वी मला भाऊजी म्हणायची. ‘जेवून जा,’ म्हणाली, ‘तुमच्यासाठी शाकाहारी केलंय. वेगळ्या भांड्यात आहे, काळजी करू नका.’ तिच्या आवाजात टोमणा नव्हता, हे सर्वात वाईट. ती थकली होती आणि तरीही तिने आठवणीने केलं होतं. मंजिरी माझ्याकडे बघायला लागली, हिला कळेना की आपण कधीपासून शाकाहारी झालो. आणि मिलिंद, मी त्या वेगळ्या भांड्यातलं वाढून घेतलं. तुझ्या फोटोसमोर बसून खाल्लं.

तू मला माफ केलंस, याचा आनंद मला होत नाही असं नाही. तुझा हात खांद्यावर होता, तो खरा होता. तू राग सोडून गेलास, तुझ्या शेवटच्या दिवसांत माझ्यापायी कडवटपणा नव्हता, याबद्दल मी कुणाचे आभार मानू कळत नाही. आणि लगेच वाटतं, की तू ज्याला माफ केलंस तो माणूस मी नव्हतोच.

गेल्या रविवारी मित्रा आली. बेल वाजवून दारातच उभी राहिली, आत या म्हटलं तरी आली नाही. ‘काका, डॅडचा स्पॉट. यू वेअर विथ हिम. मला दाखवाल?’ रोअरला तिला तिथेच जायचं आहे, मैत्रिणीबरोबर, तुझी रायफल घेऊन. मी म्हटलं, तू यंदा थांब. ती म्हणाली, ‘नो. ही पिक्ड इट फॉर मी.’ मी म्हटलं, तिथे गर्दी असते, माणसं झुडपांत असतात. ‘आय नो द रूल्स, काका,’ ती म्हणाली. मलाही माहीत होते. मग तिने माझ्याकडे सरळ पाहिलं, तुझ्यासारखं. ‘अँड व्हाय डिड यू स्टॉप गोइंग विथ हिम? मॉम म्हणते की इट वॉज अ कास्ट थिंग. वॉज इट?’

मी म्हणालो, जाऊ तेव्हा बोलू.

ती पायऱ्या उतरून गेली. येत्या शनिवारी मी तिला जागा दाखवायला नेणार आहे, रायफलीशिवाय, हंगामाच्या आधी, तू नेलं असतंस तसं.

हा अंक तोवर छापून येईल. वैशाली वाचेल, आणि तिने वाचावं म्हणूनच मी लिहितोय. ‘वेगळं भांडं’ तिने पुन्हा कधी काढू नये. मंजिरीही वाचेल, तिच्याशी मला घरी बोलावं लागेल. पण मित्राला मराठी समजतं, वाचता येत नाही. म्हणजे इथे कितीही लिहिलं तरी जिला हे सगळ्यात आधी कळायला हवं, तिच्यापासून मी लपलेलाच राहतो. लिहिणं हीसुद्धा माझी पळवाट असेल, हे मला कळतंय.

तिच्या बापाला मी हरीण समजलो होतो, त्याच्यावर गोळी भरलेली रायफल रोखली होती, आणि ते लपवण्यासाठी त्याला आयुष्यभर खोटं वाटू दिलं, हे मला मित्राला तिच्या तोंडावर सांगायचं आहे, ती रायफल हातात घ्यायच्या आधी. अजून सांगितलेलं नाही.